जुन्या इमारतीतील परवडणारी सदनिका : वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत घाईघाईने उभ्या राहिलेल्या दाट शहरी वस्त्यांविषयी गेल्या महिन्यात या सदरात लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात : अशा वस्तीतली, खिशाला झेपणारी सदनिका घ्यावी का, आणि घ्यायची झाली तर नेमके काय पाहावे? त्यांतली काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. काहींचे व्यवहार अजून पुरे झालेले नसल्यामुळे पत्रलेखकांची नावे व गावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. शहराच्या मध्यभागी, दाट वस्तीत, १९६३ साली बांधलेल्या सहा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरची सदनिका आम्हांला पसंत पडली आहे. खोल्या ऐसपैस आहेत, शाळा, बाजार आणि रेल्वे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि किंमत मात्र शहराबाहेरच्या नव्या, जवळजवळ निम्म्या आकाराच्या सदनिकेइतकीच आहे. इतक्या स्वस्ताईमागे काही गोम असेल का?

उत्तर : गोम आहे, परंतु ती कोणी लपवलेली नाही, ती इमारतीच्या वयातच आहे. गच्चीवरचा जलरोधक थर साधारण वीस-पंचवीस वर्षे टिकतो, लिफ्टची यंत्रणा पंचवीस-तीस वर्षे, जस्त चढवलेले लोखंडी नळ फार तर चाळीस ते साठ वर्षे. तुमच्या इमारतीने साठी ओलांडली आहे, म्हणजे यांतली प्रत्येक गोष्ट किमान एकदा, आणि काही तर दोनदा, बदलण्याची वेळ येऊन गेली आहे. ती कामे त्या त्या वेळी झाली, की दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलली गेली, हा खरा प्रश्न आहे. जुन्या इमारतीतली किंमत कमी दिसते, तेव्हा त्या कमीपणातला एक भाग म्हणजे अजून न आलेल्या बिलांमधला तुमचा वाटा असतो.

येथे आपण विकत काय घेतो हे नीट समजून घेतले पाहिजे. एकाच इमारतीतल्या एकेका सदनिकेची स्वतंत्र मालकी ही कल्पना आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटते, परंतु अनेक देशांत तिला कायद्याचा पक्का आधार युद्धानंतरच मिळाला. जर्मनीत तसा कायदा १९५१ मध्ये झाला, स्पेनमध्ये १९६०, जपानमध्ये १९६२ आणि फ्रान्समध्ये १९६५ मध्ये. तपशील निरनिराळे असले तरी या सर्वांचा गाभा एकच आहे : भिंतींच्या आतली जागा तुमची एकट्याची, आणि पाया, खांब, गच्ची, जिना, लिफ्ट, उभे नळ हे सर्व सामाईक. म्हणजे तुम्ही तीन खोल्या घेता, आणि त्यांच्यासोबत एका साठ वर्षांच्या गच्चीचा, एका लिफ्टचा आणि काही अनोळखी कुटुंबांबरोबरच्या भागीदारीचा ठरावीक हिस्साही घेता. खरेदीदार शंभरातला नव्वद वेळ खोल्यांवर खर्च करतात. माझ्या मते प्रमाण उलटे असायला हवे.

त्यासाठी दलालाकडे पहिली मागणी करावी ती सदनिकाधारकांच्या सभांच्या इतिवृत्तांची. फ्रान्समध्ये २०१४ च्या कायद्याने मागील तीन वर्षांची इतिवृत्ते विक्रेत्याने खरेदीदाराला देणे बंधनकारकच केले आहे. जेथे तसा नियम नाही तेथे ती मागून घ्यावी लागतात, आणि ती देण्यास खळखळ झाली तर तेही एक उत्तरच समजावे. काही वर्षांपूर्वी एका परिचितांसाठी मी अशी पाच वर्षांची इतिवृत्ते वाचली होती. पहिल्या वर्षी 'गच्चीच्या जलरोधनासाठी तीन अंदाजपत्रके मागवावीत' असा ठराव होता. दुसऱ्या वर्षी अंदाजपत्रके आली होती, पण खर्च जास्त वाटल्याने विषय तहकूब झाला. तिसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरील सभासदाने छतातून पाणी ठिबकत असल्याची तक्रार केली, तेव्हा 'तात्पुरती डागडुजी' मंजूर झाली. चौथ्या वर्षी पुन्हा तीन अंदाजपत्रके. पाचव्या वर्षाच्या कागदात मात्र सभेचा अर्ध्याहून अधिक वेळ जिन्याला कोणता रंग द्यावा या चर्चेत गेल्याचे दिसत होते. सदनिका देखणी होती; माझ्या परिचितांनी ती घेतली नाही.

इतिवृत्तांबरोबर तीन आकडे विचारावेत : दुरुस्ती निधीत आज किती शिल्लक आहे, किती सदनिकांची देखभाल वर्गणी थकलेली आहे, आणि इमारतीवर किंवा इमारतीने कोणावर दावा लावलेला आहे का. मासिक वर्गणी अगदीच कमी असेल तर हुरळून जाऊ नये. साठ वर्षांच्या इमारतीत कमी वर्गणी ही काटकसर नसून उधारी असते.

दुरुस्ती लांबवण्याचा शेवट काय होऊ शकतो याचे भीषण उदाहरण फ्लोरिडातल्या सर्फसाइड येथे घडले. २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे मृत्युमुखी पडली. ती इमारत १९८१ ची, म्हणजे आपल्या विषयातल्या इमारतींहून तरुण. पोहण्याच्या तलावालगतच्या स्लॅबचे जलरोधन निकामी झाले असून खालच्या काँक्रीटची हानी होत आहे, असे अभियंत्याने २०१८ मध्येच लेखी कळवले होते. त्यानंतर सभासदांमध्ये खर्चावरून वाद होत राहिले. तपासात मूळ आराखड्यातल्या उणिवाही पुढे आल्या, त्यामुळे सारा दोष दिरंगाईच्या माथी मारता येणार नाही. पण अहवाल आणि अपघात यांच्यामध्ये जवळपास तीन वर्षे होती, हेही खरेच.

तुमच्या बाबतीत एवढेच म्हणेन की स्वस्ताईची सगळीच कारणे वाईट नसतात. वाहन लावायला जागा नाही, स्वयंपाकघर आजच्या मानाने लहान आहे, प्रवेशद्वार कळकट आहे, असल्या कारणांनीही किंमत उतरते, आणि त्यांच्यासोबत सुखाने राहता येते. कागद स्वच्छ निघाले तर ही सदनिका शहराबाहेरच्या नव्या घरापेक्षा मी केव्हाही पसंत करीन. रोज वाचणारा दीड-दोन तासांचा प्रवास कोणत्याच जाहिरातीत छापलेला नसतो.

प्रश्न : आम्ही पाहिलेल्या सदनिकेच्या बाल्कनीच्या खालच्या बाजूस काही ठिकाणी गिलावा पडून सळ्या दिसत होत्या. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा तेथे गिलावा करून रंग दिलेला होता. मालक म्हणतात, 'किरकोळ होते, करून टाकले.' ते किरकोळ आहे की नाही, हे आमच्यासारख्यांना कसे कळावे?

उत्तर : आधी तेथे काय घडत असते ते सांगते, म्हणजे किरकोळ कशाला म्हणायचे ते ठरवता येईल. ताज्या काँक्रीटमध्ये क्षारतेचे प्रमाण फार असते. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-क्षारतेचे माप) १२ च्या वर असतो, आणि अशा वातावरणात पोलादी सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होऊन ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतो आणि ही क्षारता हळूहळू मारतो. सामू ९ च्या आसपास उतरला की सळईचे कवच जाते, आणि ओल मिळताच गंज सुरू होतो. गंज मूळ पोलादाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन आधी सळईच्या रेषेत बारीक चीर उमटते, मग पापुद्रा सुटतो आणि शेवटी ढलपा खाली पडतो. तुम्ही जे पाहिले ते या गोष्टीचे शेवटचे पान होते.

युद्धोत्तर इमारतींत हे लवकर दिसते, कारण त्या काळी सळईवरचे काँक्रीटचे आवरण बहुधा पातळ ठेवले जाई, आणि घाईच्या कामात पाणी जास्त घातलेले काँक्रीट सच्छिद्र होई. आवरण निम्मे असेल तर धोकाही निम्म्या काळात येतो असे वाटेल, पण हिशेब त्याहून कडक आहे. कार्बन डायऑक्साइडची आतली वाटचाल काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात होते. म्हणून निम्मे आवरण भेदायला निम्मा नव्हे, तर साधारण पाव काळ पुरतो.

ही वाटचाल डोळ्यांनी पाहता येते. तपासणी करणारा अभियंता खांबाचा किंवा तुळईचा लहानसा तुकडा ताजा फोडतो आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव फवारतो. जेथे क्षारता शिल्लक आहे तेथे काँक्रीट क्षणार्धात गडद गुलाबी होते, आणि जेथे ती संपली आहे तेथे ते करड्याचे करडेच राहते. गुलाबी रंगाची कड पृष्ठभागापासून किती आत सुरू होते ते पट्टीने मोजायचे आणि सळई किती आत आहे त्याच्याशी ताडून पाहायचे. पहिल्यांदा ही चाचणी पाहिली तेव्हा मला ती जादूच वाटली होती, आणि आजही सभासदांना समजावण्यासाठी तिच्याइतके प्रभावी साधन मला माहीत नाही. अहवालाची चाळीस पाने कोणी वाचत नाही, पण करड्या पट्ट्यात बुडालेली सळई पाहिली की सभेत शांतता पसरते.

आता तुमच्या बाल्कनीविषयी. नुसता गिलावा फासला असेल तर काम किरकोळ नव्हे, झाकपाक झाली आहे. योग्य दुरुस्तीत सुटे काँक्रीट काढावे लागते, सळईचा गंज तिच्या मागच्या बाजूपर्यंत घासून काढावा लागतो, फार झिजलेली सळई जोडून घ्यावी लागते आणि मग खास दुरुस्तीचा मसाला भरावा लागतो. आठ दिवसांत, रंगासकट, हे सगळे शांतपणे उरकले असेल असे मला वाटत नाही. मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसे येथेही लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेला थर बद्द वाजतो. मग जेथे विक्रेत्याचा रंग पोचत नाही तेथे जावे : तळघर, जिन्याखालचा कोनाडा, पाण्याच्या टाकीखालच्या तुळया, न्हाणीघरांच्या खालची छते. शक्य असल्यास पावसाच्या दुसऱ्या दिवशी जावे. आणि एकाच खोलीचा एकच कोपरा नव्याने रंगवलेला दिसला, तर त्या कोपऱ्याच्या वर काय आहे ते पाहिल्याशिवाय परतू नये.

एका गोष्टीसाठी मात्र हातोडी पुरत नाही. काही देशांत १९५० ते १९७० च्या दशकांत लवकर घट्ट होते म्हणून उच्च अ‍ॅल्युमिना सिमेंट वापरून तयार तुळया केल्या गेल्या. उष्ण आणि दमट हवेत या सिमेंटची अंतर्गत रचना बदलते आणि ताकद घटते. बार्सिलोनाच्या तुरो दे ला पेइरा या अगदी आपल्या विषयात बसणाऱ्या वस्तीत, म्हणजे युद्धोत्तर काळात स्वस्त घरांसाठी खच्चून बांधलेल्या भागात, नोव्हेंबर १९९० मध्ये एक इमारत कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर स्पेनभर अशा तुळयांची तपासणी सुरू झाली. तुमच्या भागात असे सिमेंट त्या काळी वापरात होते का, हे स्थानिक अभियंत्याला ठाऊक असते. त्याला विचारावे. त्याची फी ही या सबंध व्यवहारातली सर्वांत किफायतशीर रक्कम आहे.

प्रश्न : आमचे शहर भूकंपप्रवण पट्ट्यात आहे. इमारत १९७० च्या सुमाराची, तळमजल्यावर दुकाने आणि वर पाच मजले घरे. 'इतकी वर्षे उभी आहे, आता काय पडणार?' असे सगळे म्हणतात.

उत्तर : इतकी वर्षे उभी आहे याचा अर्थ, इतकी वर्षे तिची परीक्षा झालेली नाही, एवढाही असू शकतो.

जपानचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. तेथे भूकंपरोधक बांधकामाचे नियम १ जून १९८१ पासून मूलतः बदलले. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात मोठा भूकंप झाला तेव्हा जुन्या नियमांच्या इमारतींची हानी नव्या नियमांच्या इमारतींपेक्षा ठळकपणे जास्त होती. तेव्हापासून तेथला घर घेणारा माणूस इमारत १९८१ च्या अलीकडची की पलीकडची हे पहिल्याच भेटीत विचारतो. त्यातही एक बारकावा आहे : महत्त्वाची असते ती बांधकाम परवान्याची तारीख, पूर्णत्वाची नव्हे. १९८२ मध्ये पुरी झालेली इमारत जुन्या नियमांखाली मंजूर झालेली असू शकते. आपल्या शहरात असे वळणाचे वर्ष कोणते ते शोधावे आणि परवान्याची तारीख मागावी.

तुमच्या वर्णनातली मला अधिक खटकलेली गोष्ट म्हणजे दुकानांचा तळमजला. वरच्या मजल्यांवर खोल्याखोल्यांच्या भिंती असतात आणि त्या इमारतीला नकळत ताठपणा देतात. खाली दर्शनी काचांसाठी भिंती काढलेल्या असतात आणि सगळा भार मोजक्या खांबांवर येतो. धक्का बसला की हालचाल त्या एकाच मजल्यात एकवटते. अभियंते याला मऊ मजला म्हणतात. त्यातच एखाद्या दुकानदाराने जागा मोठी करण्यासाठी मधला खांब तासला असेल, किंवा दोन गाळ्यांमधली भिंत काढली असेल, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. दुकानात गिऱ्हाईक म्हणून जावे, आणि माल बघता बघता खांब मोजावेत. नकाशात जितके आहेत तितके भरले पाहिजेत.

मऊ मजला पोलादी चौकटी किंवा काँक्रीटच्या भिंती घालून सबळ करता येतो, आणि ते काम झालेले असेल तर त्याचा दाखला इमारतीकडे असतो. दाखला नसेल तर अशा इमारतीत मी स्वतः घर घेणार नाही. किमतीच्या घासाघिशीने भरून निघेल अशी ही उणीव नव्हे.

प्रश्न : पाच मजल्यांची इमारत आहे, लिफ्ट नाही. पाचव्या मजल्यावरची सदनिका तिसऱ्या मजल्यावरचीपेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. आम्ही तरुण आहोत. पुढे लिफ्ट बसवता येईल असे इतर रहिवासी सांगतात.

उत्तर : पाच मजले आणि लिफ्ट नाही, ही युद्धोत्तर बांधणीची जणू सहीच आहे. सोव्हिएत संघात १९५७ नंतर जी लक्षावधी घरे उभारली गेली, त्यांतल्या प्रमाणभूत इमारती पाचच मजल्यांच्या होत्या, कारण त्याहून उंच गेले की लिफ्ट घालावी लागे आणि खर्च वाढे. छतेही अडीच मीटरच्या आसपास ठेवलेली, स्वयंपाकघरे पाच-सहा चौरस मीटरची. ज्याने तो हिशेब केला त्याने तुमच्या गुडघ्यांचा विचार केला नव्हता, बांधकामाचा केला होता.

लिफ्ट 'पुढे बसवता येईल' हे वाक्य सावधपणे ऐकावे. बाहेरून लिफ्टचा उभा मनोरा जोडणे शक्य असते, पण जिना इमारतीच्या दर्शनी बाजूस असेल तर ती लिफ्ट मजल्यावर न थांबता दोन मजल्यांमधल्या चौकात थांबते. अर्धा जिना उरतोच, आणि चाकाच्या खुर्चीला तो अर्धा जिनाही पुरा जिनाच असतो. शिवाय खर्चाला संमती हवी तळमजल्यावरच्यांचीही, ज्यांना त्यातून लाभ काही नाही आणि खिडकीसमोर मात्र मनोरा येतो. ठराव मंजूर झालेला आणि पैसे जमा झालेले असतील, तरच लिफ्ट धरून चालावे.

पाचव्या मजल्याची दुसरी बाजू म्हणजे गच्ची. त्या काळच्या छतांत उष्णतारोधक थर सहसा नसतो. उन्हाळ्यात खोली तापते, थंड प्रदेशात तीच खोली गारठते, आणि गळती आधी तुमच्याकडे येते. जमेची बाजू अशी की डोक्यावर कोणाची पावले नसतात. लहान मुलांच्या कुटुंबाखाली दहा वर्षे काढलेल्या माणसाला हिची किंमत कळते. तरी तिसरा मजला परवडत असेल तर तोच घ्या.

प्रश्न : वस्ती इतकी दाट आहे की मागच्या दोन खोल्यांच्या खिडक्या अरुंद चौकात उघडतात. दिवसा दिवा लावावा लागतो, भिंतीला कोपऱ्यात काळी बुरशी आहे. विक्रेता म्हणतो नव्या घट्ट खिडक्या बसवल्या की आवाज आणि ओल दोन्ही जातील.

उत्तर : आवाजाचे अर्धे खरे आहे, ओलीचे साफ चूक आहे. बाहेरचा हवेतून येणारा आवाज घट्ट खिडकीने कमी होतो. वरच्या घरात खुर्ची ओढल्याचा किंवा टाचा आपटल्याचा आवाज स्लॅबमधून येतो. त्याला तुमच्या खिडकीशी देणेघेणे नाही, आणि त्यावरचा खरा उपाय वरच्याच्या फरशीखाली मऊ थर घालणे हा असल्याने तो तुमच्या हातात नसतो.

बुरशीचे म्हणाल तर तिचे कारण बहुतेक वेळा बाहेरून येणारे पाणी नसते. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास यांतून घरात रोज कित्येक लिटर पाण्याची वाफ तयार होते. ती सर्वांत थंड पृष्ठभागावर जाऊन बसते, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यात, तुळईखाली किंवा बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून आरपार जातो तेथे. जुन्या खिडक्यांच्या फटींतून ही दमट हवा निदान थोडीफार निसटत होती. फटी बुजवल्या आणि हवा खेळायला दुसरी वाट ठेवली नाही, तर बुरशी कोपऱ्यातून भिंतभर पसरेल. नव्या खिडक्या जरूर बसवा, पण न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा आधी बसवा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

अंधाराला उपाय नाही. अशी सदनिका घेताना मागच्या दोन खोल्या झोपण्याच्या आणि सामानाच्या समजून किंमत ठरवावी, आणि होकार देण्यापूर्वी सकाळी कामाला जायच्या वेळी, भर दुपारी आणि रात्री अकराला अशा तीन भेटी द्याव्यात. रात्रीच्या भेटीत त्या चौकात पाच मिनिटे नुसते उभे राहावे. कोणाचा दूरचित्रवाणी संच, कोणाचे भांडण आणि कोणाची उबळ तुमच्या वाट्याला येणार ते सारे तेथे ऐकू येते.

प्रश्न : ही इमारत लवकरच पाडून नवी होणार, तेव्हा आत्ता घेऊन ठेवा, असे सगळे सुचवतात.

उत्तर : पुनर्बांधणीच्या आशेवर घर घेणे म्हणजे इतर सभासदांच्या मतांवर पैज लावणे. अशा निर्णयाला मोठे बहुमत लागते. जपानमध्ये त्यासाठी चार-पंचमांशाची अट दीर्घकाळ होती, आणि ज्या इमारतीत निम्मे मालक वृद्ध व काही ठावठिकाणा नसलेले असतात तेथे तेवढे हात वर होणे दुरापास्त ठरत आले. वस्ती मुळातच दाट असेल तर आणखी मजले चढवण्यास वाव थोडा असतो, आणि वाव थोडा म्हणजे बांधकाम व्यावसायिकाला रसही थोडा. आहे त्या इमारतीत पुढची वीस वर्षे राहायला मी तयार आहे का, एवढेच स्वतःला विचारा.

पाडणे हाच एक मार्ग आहे असेही नाही. पॅरिसच्या उत्तर कडेला १९६० च्या दशकाच्या प्रारंभी बांधलेला ब्वा-ल-प्रेत्र हा मनोरा पाडण्याऐवजी त्याच्या बाहेरून काचेच्या सज्जांचा नवा थर जोडण्यात आला. २०११ मध्ये ते काम पुरे झाले. कोंदट घरांना उजेड आणि जास्तीची खोली मिळाली, आणि रहिवाशांना कायमचे घर सोडावे लागले नाही. त्यामागच्या वास्तुविशारदांपैकी आन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल यांना २०२१ मध्ये वास्तुकलेतला प्रतिष्ठेचा प्रिट्झ्कर पुरस्कार मिळाला. अशी कामे खर्चिक असतात आणि त्यांना सार्वजनिक पैसा लागतो, हे खरे. परंतु या इमारतींची हाडे अनेकदा आपण समजतो त्यापेक्षा बळकट असतात.

प्रश्न : तयार काँक्रीटच्या फळ्या जुळवून बांधलेल्या इमारतीत घर घेतले आहे. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली भिंत काढायची आहे. कंत्राटदार म्हणतो, भिंत पातळ आहे, दोन दिवसांचे काम आहे. जुनी फरशीही उखडायची आहे.

उत्तर : भिंत काढू नका. अशा बांधणीत वेगळे खांब आणि तुळया नसतात. फळ्याच वरचा भार खाली नेतात, आणि पातळ असल्याने ती भिंत बिनकामाची ठरत नाही. १६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट मोठा नव्हता. ज्या घरात तो झाला तिथली रहिवासी महिला वाचली. पण बाहेरची एक फळी निखळली, तिच्यावरचे मजले निराधार झाले, आणि त्यांच्या माऱ्याने खालचेही कोसळत जाऊन इमारतीचा एक अख्खा कोपरा जमिनीपर्यंत उतरला. चौघांचा मृत्यू झाला. लोक राहायला येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानंतर एक आधार गेला तरी पडझड पसरू नये अशी तरतूद ब्रिटनच्या बांधकाम नियमांत करण्यात आली, पण तुमची इमारत कोणत्या नियमांनुसार बांधली गेली हे कंत्राटदाराला ठाऊक असण्याची शक्यता कमी. मूळ बांधकाम आराखडा पाहून संरचना अभियंत्याने लेखी परवानगी दिली, तरच त्या भिंतीत फार तर एखादे चौकटबंद दार पाडता येईल, तेही सभासदांच्या संमतीने.

फरशीचे काम त्याहून आधी थांबवा. त्या काळच्या व्हिनाइल फरश्या, त्यांखालचा काळा गोंद, नळांवरचे वेष्टण आणि पन्हळी पत्रे यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ते न हलवता जागच्या जागी असेपर्यंत धोका फारसा नसतो. फोडले, घासले किंवा भोक पाडले की तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. अ‍ॅस्बेस्टॉस निघाला आणि जुनी फरशी घट्ट बसलेली असेल, तर तिच्यावरच नवी घाला. जमिनीची उंची बोटभर वाढेल, आणि दारे खालून तेवढी तासावी लागतील.